लेबर रूममध्ये ‘विचारून’ म्हणजे नक्की काय? संमती, संवाद आणि बाळंतपणाचा धसका

रात्रपाळी
दुसऱ्या धाग्यावर ‘नॉर्मल की सिझर’ चालू असताना विषय इथे घसरला, म्हणून वेगळा धागा काढतेय. तिथे बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की भरती होताना फॉर्मवर सही केली की झाली संमती. तसं नसतं. ती सही म्हणजे दवाखान्यात दाखल व्हायला आणि सर्वसाधारण उपचारांना होकार. आतून तपासणी, पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडणं, कळांचं सलाइन, योनीच्या तोंडाशी चीर, व्हॅक्यूम, तांबी (कॉपर-टी) या प्रत्येक गोष्टीला वेगळं विचारावं लागतं. दर वेळी कागद लागत नाही, बऱ्याच गोष्टींना तोंडी होकार पुरतो. पण विचारणं सुटत नाही.

आतून तपासणीपासून सुरुवात करू. ती सगळ्यात जास्त वेळा होते आणि सगळ्यात कमी विचारली जाते. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना वाक्य अगदी पाठ करून घ्यावं असं माझं मत आहे: “ताई, मी इथली स्टाफ नर्स. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघायला दोन बोटांनी आतून तपासायचंय. मिनिटभर लागेल. आधी लघवीला जाऊन या. ही कळ ओसरली की करते, चालेल का?” आणि मग थांबायचं. हात चादरीखाली गेल्यावर विचारलेलं “चालेल का” हा प्रश्न नव्हे. लघवीला पाठवायचं कारण साधं आहे: भरलेल्या मूत्राशयावर दाब आला की तपासणी जास्त दुखते आणि डोकं किती खाली आलंय याचा अंदाजही चुकतो.

पडदा ओढलेला, गुडघ्यांपर्यंत चादर, खोलीत कोण कोण आहे ते सांगितलेलं. मध्येच कळ आली तर बोटं हलवायची नाहीत. ती म्हणाली तर बाहेर काढायची. तिने मांड्या जवळ घेतल्या, कंबर वर सरकवली, तर तेही “थांबा”च आहे. “अगं ढिली सोड, तेव्हा नाही दुखलं?” हे वाक्य ज्यांच्या तोंडी असेल त्यांनी ते आजच सोडावं.

निष्कर्ष आधी तिला सांगायचा, मग दाराबाहेरच्या नातेवाइकांना. “तोंड सहा सेंटीमीटर उघडलंय, डोकं अजून थोडं वर आहे, ठोके छान आहेत.” एवढं पुरतं.

किती वेळा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच सेंटीमीटरपासून सक्रिय कळा धरतात आणि सगळं सुरळीत असेल तर दर चार तासांनी एकदा तपासणी पुरते. कारण असेल तर मध्ये करावी, पण कारण सांगून. शिकाऊ मुलांसाठी वेगळी तपासणी नाही. सिनियरच्या तपासणीच्या वेळी, तिने हो म्हटलं तर, एकच विद्यार्थी. आणि तपासता तपासता पाणमोट गर्भपिशवीच्या तोंडापासून बोटाने सोडवायची, म्हणजे ‘स्वीपिंग’, ही वेगळी प्रक्रिया आहे. त्याने दुखतं, थोडं रक्त जातं, कळा सुरू होऊ शकतात. ‘तपासते’ म्हणून ते उरकायचं नाही.

गर्द_निळा
चांगला धागा. प्रसूतितज्ज्ञ म्हणून थोडी खळखळ नोंदवतो. जिल्हा रुग्णालयात एका सिस्टरच्या अंगावर तीन टेबलं असतात. तिथे प्रत्येक पायरीला संभाषण हवं म्हटलं की लोक ऐकणं सोडून देतात. मला वाटतं, कुठे दहा सेकंद पुरतात आणि कुठे पाच मिनिटं लागतातच, हे वेगळं काढलं पाहिजे.

पाणमोट फोडणं दहा सेकंदांत बसत नाही. का फोडायची ते सांगा. फोडल्यावर कळा तीव्र होतात ते सांगा. परत फिरता येत नाही तेही सांगा. डोकं वर तरंगत असताना फोडली तर नाळ आधी खाली घसरू शकते आणि मग धावत सिझर करावं लागतं. म्हणून आधी पोटावरून डोकं बसलंय का ते बघायचं, फोडल्यावर लगेच ठोके ऐकायचे. पाण्याचा रंग तिला सांगायचा. हिरवट असेल तर “बाळाने आत शी केलीय, म्हणून ठोक्यांवर जास्त लक्ष ठेवणार आहोत” असं सांगितलं की बाई घाबरते कमी. कुजबूज ऐकून जास्त घाबरते.

कळांचं सलाइन ही माझी खास दुखरी नस. ‘ताकदीचं सलाइन’ म्हणून ऑक्सिटोसिन लावलेलं असतं आणि बाईला पत्ताच नसतो. सरळ सांगा: “कळा कमी पडताहेत. या बाटलीत कळा वाढवायचं औषध घातलंय. थेंब हळूहळू वाढवू. कळा फार जवळ आल्या किंवा ठोके बिघडले तर बंद करू.” दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा म्हणजे अतिरेक. औषधाचा अंश रक्तात काही मिनिटांत निम्म्यावर येतो, म्हणून सलाइन बंद केलं की परिणाम ओसरतो. नेमकं याच कारणासाठी बाळ बाहेर येण्याआधी हेच औषध कमरेत टोचायचं नाही. टोचलेलं परत काढता येत नाही. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. नातेवाईक “एक इंजेक्शन मारा ना, लवकर सुटेल” म्हणून मागे लागतात. त्यांना हे कारण सांगून नाही म्हणा. बाळ झाल्यावर मात्र पहिल्या मिनिटात दहा युनिट मांडीत देतात, रक्तस्राव टाळायला. ते योग्यच आहे. तेव्हाही “मांडीत सुई टोचतेय” एवढं म्हणायला काय जातं?

झुळूक
वाचतेय. आठवा संपत आलाय. आम्ही काय-काय हवंय-नकोय असा कागद करून नेला तर डॉक्टर चिडतात का? ‘बर्थ प्लॅन’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी तोंड वाकडं करतात असं ऐकलंय.

रात्रपाळी
@झुळूक, कागदाच्या लांबीवर आहे. इंटरनेटवरून उतरवलेली चार पानं कुणी वाचत नाही. एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या तपासणीला घेऊन जा, डॉक्टरांसमोर वाचा आणि फाइलला टाचून ठेवा. कळा देताना काढलेला कागद हा कागद नसतो.

काय लिहायचं: सोबत कोण असणार. आतून तपासण्याआधी सांगावं, थांबा म्हटलं की थांबावं. चीर गरज असेल तरच, आणि भूल देऊन. पोटावर दाब नको. बाळाला वेगळं नेणार असाल तर सोबतच्या माणसाला बरोबर न्या. तांबी हवी की नको. आधी काही झालेलं असेल, म्हणजे गर्भपात, मूल गमावणं, लैंगिक अत्याचार, तर सगळा इतिहास लिहायची गरज नाही. “आतून तपासणीची मला खूप भीती वाटते, आधी सांगूनच हात लावा” एवढी ओळ पुरते.

काय लिहू नये: “सिझर करूच नये”, “सलाइन लावूच नये”. अशा ओळींनी डॉक्टरांचे हात बांधले जातात आणि मग ते बाकीचंही वाचत नाहीत. त्याऐवजी लिहा: “सिझर लागलं तर कारण आम्हा दोघांना सांगावं.”

कोरडवाहू
पोटावर दाब म्हणजे? आमच्याकडे तर मावशी पोटावर दोन्ही हातांनी जोर देतात, सगळ्यांनाच देतात.

रात्रपाळी
तेच. बाळ पुढे सरकावं म्हणून वरून पोट दाबणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या त्याच सूचनांमध्ये हे करू नये असं स्पष्ट म्हटलंय. बरगड्यांना इजा, गर्भपिशवीला इजा, खाली मोठी फाट, हे सगळं संभवतं. बाळाचा खांदा अडकला असेल तर वरून दाबल्याने तो आणखी घट्ट बसतो. तिथे दाब द्यायचा तो ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या वर, आणि मांड्या पोटाकडे घेतलेल्या असताना. तो वेगळा प्रकार. नावं सारखी वाटतात म्हणून लिहिलं.

सरसकट केस काढणं आणि एनिमा देणं, हेही करू नये असंच त्या सूचना सांगतात.

आता चीर. सरसकट द्यायची नाही. पहिलटकरीण आहे एवढ्या कारणाने तर नाहीच. गरज असेल तर डोकं योनीच्या तोंडाशी येऊन कातडी ताणलेली असताना, मधल्या रेषेपासून साठ अंशांच्या कोनात. सरळ खाली दिलेली चीर गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत जाते. आधी भूल. लिग्नोकेन टोचायचं, दोन मिनिटं थांबायचं, चिमट्याने कातडी हलके धरून विचारायचं, “टोचतंय का?” टोचतंय म्हणाली तर आणखी दोन मिनिटं. वेळच नव्हता आणि भूल न देता चीर द्यावी लागली, असं खरोखर होतं. पण टाके घालताना तर कुणी पाठीमागे लागलेलं नसतं ना? तेव्हा भूल न देण्याला काहीही सबब नाही. पन्नास किलोच्या बाईला एक टक्क्याचं दहा मिली म्हणजे शंभर मिलिग्रॅम. बिनअॅड्रेनलिनच्या औषधाची मर्यादा किलोला तीन मिलिग्रॅम धरली तरी दीडशेपर्यंत जागा आहे. “आता दोनच राहिलेत, सोस” असं म्हणण्याऐवजी सुई खाली ठेवून आणखी पाच मिली टोचा.

किती टाके, फाट कुठवर, हे तिला सांगायचं आणि डिस्चार्ज कार्डावर लिहायचं. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत गेलेली फाट असेल तर विशेषच. महिन्याभराने वारा किंवा शौच आवरत नाही अशी तक्रार घेऊन बाई येते आणि कार्डावर नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं.

गर्द_निळा
डोकं दिसत असताना “चीर देऊ का, फायदे-तोटे असे” हे चालत नाही, हे पुन्हा सांगतो. म्हणून दोन वेळा सांगायचं. एकदा नवव्या महिन्यात, एकदा तोंड पूर्ण उघडल्यावर, जोर लावायला सुरुवात करायच्या आधी: “लागली तर भूल देऊन छोटी चीर देईन, त्या वेळी सांगेन.” मग ऐन वेळी “आता चीर लागतेय, देतो, हं?” एवढं पुरतं. व्हॅक्यूमचंही तसंच. “बाळाचे ठोके कमी होताहेत, डोक्याला कप लावून तुमच्या जोराबरोबर ओढतो. डोक्यावर सूज येईल, ती बहुतेक दोन-तीन दिवसांत उतरते. तीन ओढींत आलं नाही तर सिझर.” हे वीस सेकंदांचं वाक्य आहे, घड्याळ लावून बघा. आणि ‘तीन ओढी’ आधी बोलून ठेवलं की चौथी-पाचवी ओढण्याचा मोह डॉक्टरांनाही आवरतो.

भूलभुलैया
भूलतज्ज्ञांची बाजू. सर्वांत आधी एक गैरसमज: कळा देणाऱ्या बाईला काही समजत नाही, म्हणून नवऱ्याला विचारा. चूक. वेदनेने निर्णयक्षमता जात नाही. ती कळेत बोलू शकत नाही, एवढंच. दोन कळांच्या मध्ये विचारा, एका वेळी एकच गोष्ट विचारा, उत्तर हो-नाहीत देता येईल असं विचारा. कळांचं दुखणं कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनचं समजावणं मात्र नवव्या महिन्यातच करावं. आठ सेंटीमीटरला बसून डोकेदुखी-रक्तदाब-पाय जड असं सगळं ऐकवणं म्हणजे दोघांचाही छळ.

तातडीच्या सिझरला लोक म्हणतात वेळ नसतो. ब्रिटनच्या सूचनांप्रमाणे अगदी पहिल्या श्रेणीच्या तातडीतही निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत तीस मिनिटांचं लक्ष्य असतं. त्यात ट्रॉली ढकलताना अर्धं मिनिट बोलायला मिळतंच. काय झालंय, काय करणार, आता तुला काय जाणवेल. चौथं म्हणजे तिने हो म्हणणं.

‘काय जाणवेल’ यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. पाठीत भूल दिल्यावर “काहीच कळणार नाही” असं सांगतात. खोटं आहे. ओढल्याचं, दाबल्याचं, पोटात कुणी हात फिरवल्याचं कळतं. दुखणं, कापल्याचं कळू नये. असं आधी सांगितलं तर ती ओढ जाणवल्यावर दचकत नाही, आणि खरंच दुखलं तर बोलते. चाचणी गार स्पिरिटच्या बोळ्याने: खांद्याला लावून “हे गार लागतंय?”, मग पोटावरून वर नेत “इथे खांद्याइतकंच गार लागतंय का?” स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत गारवा गेलेला असला पाहिजे. त्याखाली राहिला असेल तर सर्जनला सुरी घेऊ द्यायची नाही.

मध्येच दुखलं तर? शस्त्रक्रिया थांबवता येईल तिथे थांबवायची, शिरेतून औषध द्यायचं, पूर्ण भूल देऊ का ते विचारायचं. “झालंच आता” म्हणून पुढे रेटलेली सिझर आणि नंतर वर्षानुवर्षं ऑपरेशन थिएटरच्या वासानेही थरथर, ही साखळी आमच्या शाखेत सगळ्यांना माहीत आहे. नोंदीत वेळ लिहा: किती वाजता दुखलं म्हणाली, काय दिलं.

कलम_दवात
कायद्याचं थोडक्यात, कारण इथे अफवा फार.

सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईची संमती तिचीच. नवरा, सासू, आई यांची सही साक्षीदार म्हणून ठीक; तिच्या जागी नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ ला हेच सांगितलं. तिथे रुग्ण बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. तपासणीसाठी दिलेली संमती त्या शस्त्रक्रियेला चालत नाही आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर शुद्धीवर येईपर्यंत थांबा, असा निकाल आहे. म्हणजे सिझरच्या संमतीत ‘आणि गरज पडल्यास काहीही’ असं छापलेलं असलं तरी त्यावर नळबंदी होत नाही. उलट रक्तस्राव थांबत नाही आणि गर्भाशय काढल्याशिवाय जीव वाचत नाही, ही खरी तातडी. तिथे कायदा डॉक्टरच्या मागे उभा राहतो. नोंद मात्र नेटकी हवी.

नळबंदीसाठी सरकारी मानकांमध्ये जोडीदाराची संमती लागत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत मात्र वंध्यत्व येणाऱ्या शस्त्रक्रियेला दोघांची संमती म्हटलंय, म्हणून खासगी दवाखाने मागतात. या विसंगतीची झळ बाईलाच बसते. माझ्या मते ती कधीच दूर व्हायला हवी होती.

फॉर्म तिला कळणाऱ्या भाषेत हवा. सही करता येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा, आणि वाचून दाखवणाऱ्याची सही. कोऱ्या जागा सोडलेल्या फॉर्मवर सही करू नये. शस्त्रक्रियेचं नाव आणि वेळ भरलेली हवी.

नकार देता येतो का? येतो. डॉक्टरांनी धोका समजावून, तसं लिहून सही घ्यावी, पण “मग निघा इथून” म्हणू नये. उपचार तिथेच चालू राहतात, फक्त ती एक गोष्ट होत नाही.

चाफा_पिवळा
तांबीचं कुणी सांगेल का? ओळखीत दोघींना महिन्यांनी कळलं की बाळंतपणात बसवली होती.

रात्रपाळी
वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत तांबी बसवता येते. सिझरमध्ये गर्भपिशवी शिवण्याआधीही. साधन चांगलं आहे, म्हणूनच ते चोरून बसवण्याची घाई कशाला ते कळत नाही. समुपदेशन गरोदरपणात, किंवा कळा अगदी सुरुवातीच्या असताना. जोरात कळा चालू असताना घेतलेला होकार धरायचा नाही. ‘टार्गेट’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण महिनाअखेरच्या तक्त्यात तो रकाना असतो.

बायकांसाठी: डिस्चार्ज कार्डावर ‘पीपीआययूसीडी’ (बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी) किंवा ‘तांबी’ लिहिलंय का ते बघा. बसवली असेल तर प्रकार आणि तारीख लिहून मागा. ३८० ए असेल तर दहा वर्षं, ३७५ असेल तर पाच. सहा आठवड्यांनी दोरा तपासायला जा. सिझरनंतर दोरा बऱ्याचदा लगेच खाली येत नाही, म्हणजे तांबी पडली असं नाही, सोनोग्राफीत दिसते. नको असेल तर कारण न देता काढून मागता येते. “तीन महिने थांबा, सवय होईल” हा सल्ला असू शकतो, अट नव्हे.

कोरडवाहू
सोबत कोणी असावं, असा सरकारी नियम खरंच आहे का? आमच्या ग्रामीण रुग्णालयात दारातूनच परत पाठवतात.

रात्रपाळी
आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रसूती-सोबतीला परवानगी दिली, आणि डिसेंबर २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या गुणांकनात सोबत, पडदा आणि सन्मानाची वागणूक हे मोजलं जातं. अटी साध्या: एक स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांत, शेवटपर्यंत थांबायला तयार. उपचारांत हात घालायचा नाही, शेजारच्या टेबलाकडे जायचं नाही. आडोसा पुरेसा असेल तिथे नवराही चालतो. दारातून परत पाठवलं तर “लक्ष्यमध्ये सोबतीची तरतूद आहे, इन्चार्ज सिस्टरशी बोलू का?” असं शांतपणे विचारा. गार्डशी भांडून उपयोग नाही, तो निर्णय त्याचा नसतो.

सोबतीने काय करायचं: पाणी पाजायचं, कंबर चोळायची, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने विचारायचं, “सिस्टर, आता काय करताय?” एवढ्या एका प्रश्नाने खोलीतलं वागणं बदलतं. “ओरडू नको, लोक काय म्हणतील” असं म्हणणारी सोबत घरीच बरी.

गर्द_निळा
अतिरक्तस्रावात संवाद कसा करावा हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे सगळं एकदम होतं: गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, तीन तासांच्या आत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत, शिरेतून सलाइन, आतून तपासून रक्त कुठून येतंय ते शोधणं. चार माणसं तुटून पडलेली असतात आणि बाईला वाटतं आपण चाललो. म्हणून कामं वाटतानाच एक माणूस डोक्याशी उभा करायचा. त्याचं काम बोलणं: “रक्त जास्त जातंय. गर्भपिशवी आकसावी म्हणून सिस्टर पोट जोरात चोळताहेत, दुखेल. बाळ तुझ्या आईकडे आहे.” शिकाऊ नर्सही करू शकते. ज्याच्या हातात सुई आहे त्याने हे काम घेऊ नये.

वार अडकली आणि आत हात घालून काढायची वेळ आली तर भूल किंवा चांगलं वेदनाशामक देऊनच. रक्त धो-धो वाहत असेल आणि भूलतज्ज्ञ पोचलेला नसेल, हा एकच अपवाद. तेव्हाही “हात आत घालतोय, फार दुखेल, पण रक्त थांबेल” हे आधी. ज्या बायका नंतर ‘कुणीतरी मला फाडत होतं’ असं सांगतात त्यांच्यात ही वार काढलेल्या बऱ्याच असतात.

आणि चोवीस तासांच्या आत ज्याने केलं त्यानेच खाटेशी बसून सांगावं. उभ्याने नव्हे. काय झालं, का झालं, किती रक्त गेलं, पुढच्या वेळी काय काळजी.

आडसाल
समुपदेशक म्हणून त्या ‘नंतर’बद्दल. सगळं वैद्यकीयदृष्ट्या नीट झालं, आई-बाळ सुखरूप, तरी धसका बसू शकतो. आणि वाईट बाळंतपण होऊनही न बसू शकतो. आपल्या अंगावर काय चाललंय ते कळत होतं का आणि आपलं ऐकलं जात होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. जगभरचे अभ्यास एकत्र केल्यावर सर्वसाधारण बायकांमध्ये शंभरात सुमारे चार, आणि गुंतागुंतीच्या बाळंतपणांनंतर अठरा-एकोणीस जणींना पूर्ण निकष भरणारा आघातोत्तर ताण दिसतो.

ओळखायचं कसं? प्रसंग डोळ्यांपुढे जसाच्या तसा येतो, फिनाइलच्या वासाने, ट्रॉलीच्या खडखडाटाने. त्या रस्त्याने जायचं टाळलं जातं. लसीकरणालाही सासू बाळ घेऊन जाते. बाळ शांत झोपलंय तरी हिला झोप नाही. एक महिन्यानंतरही हे चालू असेल तर निदानाचा विचार करतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं: त्यात मन सुन्न, रस नाही, रडू. दोन्ही एकत्र असू शकतात. एडिनबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न नैराश्य शोधतात, आघात त्यात निसटतो. त्यातल्या दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. भास होणं, असंबद्ध बोलणं, दोन-तीन दिवस बिलकूल झोप नसणं ही तर मानसिक तातडी आहे. ‘बाळंतवारं’ म्हणून शेक-धुरी देत बसू नका.

घरच्यांनी “बाळ धडधाकट आहे ना, मग झालं” म्हणू नये. आणि उलट टोकही नको: दुसऱ्याच दिवशी तिला बसवून सगळं पुन्हा सांगायला लावणं. असं एकदाच केलेलं सक्तीचं कथन फायद्याचं नाही. ती बोलेल तेव्हा ऐका. उपचारांत आघातकेंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणं) या दोन पद्धतींना चांगला आधार आहे. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात, मोफत आहे.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जायचीच भीती वाटते म्हणून बायका जात नाहीत. डॉक्टरांना आधी फोनवर सांगा. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीत घालायचं साधन, स्वतःच्या हाताने आत घेता येतं. कुशीवर झोपूनही तपासता येतं. त्या दिवशी नुसतं बोलून परत आलं तरी चालतं.

टेम्सकाठी
ब्रिटनमधल्या मराठी मुलींसाठी एक भर. इथे २०१५ च्या माँटगोमेरी निकालानंतर, ‘या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल’ तो सांगावाच लागतो. तो खटलाच मुळी मधुमेही आईच्या बाळाचा खांदा अडकण्याचा होता. पहिल्या नोंदणीच्या भेटीतच मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नका. घरातली माणसं नकळत गाळून सांगतात, आणि घरात मारहाण होते का हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारताच येत नाही. बऱ्याच रुग्णालयांत नंतर दाईबरोबर बसून स्वतःच्या नोंदी वाचायची सोय असते, महिन्यांनीही.

चाफा_पिवळा
नोंदी भारतात मिळतात का? आणि तक्रार कुठे?

कलम_दवात
मिळतात. २००२ च्या नियमावलीप्रमाणे (२०२३ चे नवे नियम स्थगित आहेत) मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात, आणि त्या तीन वर्षं जपायच्या असतात. अर्ज दोन प्रतींत करा, आवकचा शिक्का घ्या. ‘फाइल द्या’ असं मोघम लिहू नका. पार्टोग्राम (कळांच्या प्रगतीचा तक्ता), नर्सेस नोट्स, ठोक्यांच्या पट्ट्या, भूल-नोंद, शस्त्रक्रियेची टिपणी, सगळे संमती-फॉर्म, अशी नावं लिहा. झेरॉक्सचा खर्च द्यावा लागेल.

तक्रार: आधी रुग्णालयात लेखी. सरकारी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयावर सहसा ग्राहक आयोगात जाता येत नाही. तक्रारीत विशेषणं कमी आणि वेळा जास्त लिहा.

झुळूक
सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणांत टाकलाय. शेवटची शंका. @गर्द_निळा, ऑक्सिटोसिनचे ‘थेंब हळूहळू वाढवू’ म्हणजे किती? सोबत असलेल्या बाईला ते बघून कळू शकतं का?

गर्द_निळा
साधारण कळतं. एक प्रचलित पद्धत: ५०० मिलीत अडीच युनिट, वीस थेंबांना एक मिली असा सेट, मिनिटाला दहा थेंबांनी सुरुवात. म्हणजे मिनिटाला अडीच मिलियुनिट. दर अर्ध्या तासाने दहा थेंब वाढवायचे, दहा मिनिटांत तीन चांगल्या, चाळीस सेकंदांवर टिकणाऱ्या कळा येईपर्यंत. त्यापुढे वाढवायचं नाही. मायक्रोड्रिप सेट असेल तर साठ थेंबांना एक मिली, म्हणून तिथे तीस थेंब म्हणजे तेवढंच औषध. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. बाटलीत किती युनिट घातलेत ते मात्र आधी विचारा. पाच असतील तर तेवढ्याच थेंबांत दुप्पट औषध जातं. बाटलीवर पट्टी चिकटवून औषध, प्रमाण, वेळ लिहिलेलं असायला हवं. नसेल तर सिस्टरना लिहायला सांगा.

नळीवरच्या चाकाला सोबतीने हात लावायचा नाही. “बाटली लवकर संपू दे” म्हणून नातेवाईक चाक मोकळं सोडतात, हे लेबर रूममध्ये होतं. थेंबांची धार लागलेली दिसली किंवा कळ ओसरतच नाहीये असं वाटलं, तर थांबू नका, हाक मारा.